माझ्या माहेरचा बैल

माझ्या माहेरी कधीही बैल नव्हता. वडील वर्ध्याला टपाल खात्यात होते, आम्ही दोन खोल्यांच्या क्वार्टरमध्ये राहायचो, आणि घरात जनावर म्हणावं तर एक मांजर होतं. तेही शेजारच्यांचं, आमच्याकडे फक्त दुधापुरतं यायचं. हे आधीच सांगून टाकलेलं बरं. कारण रायपुरातल्या आमच्या मराठी महिला मंडळातल्या तीस-चाळीस बायका आजही छातीठोकपणे सांगतील की माझ्या माहेरी एक बैल होता, माझे दोन काका त्या बैलामार्फत एकमेकांशी बोलायचे, आणि माझी आजी अकरा वर्षं मरत होती.

याचं खापर फोडायचं तर एका इंग्रजी कादंबरीवर फोडावं लागेल. नवा रायपूरच्या ज्या ऑफिसात मी भाषांतराचं काम करते, तिथले एक साहेब बदली होऊन गेले आणि जाताना पुस्तकांचं एक खोकं चहाच्या टेबलाशेजारी ठेवून गेले. ज्याला हवं त्याने न्यावं. स्पर्धा परीक्षांची पुस्तकं पहिल्या तासातच संपली. उरलेल्यांत वरच एका खेचराचं चित्र होतं. आमचे सेक्शन ऑफिसर सुटीच्या अर्जाकडे ज्या नजरेने बघतात, त्याच नजरेने ते खेचर माझ्याकडे बघत होतं. मी पुस्तक पर्समध्ये टाकलं.

ऑफिसच्या बसला आमच्या चौबे कॉलोनीपर्यंत यायला पाऊण तास लागतो. नवा रायपूरचे रस्ते इतके रुंद आणि रिकामे आहेत की खिडकीबाहेर बघून काही उपयोग नसतो. म्हणून वाचायला घेतलं. गोष्ट अमेरिकेच्या दक्षिणेकडची होती. अमेरिका म्हणजे उंच इमारती आणि घाईत असलेली माणसं, अशी माझी समजूत. इथे तर एकालाही कसली घाई नव्हती. कापसाचा मुलूख, जीव घेणारं ऊन, ओसरीवर ठाण मांडून बसलेली माणसं, आणि एकाची गोष्ट संपायच्या आत दुसऱ्याची सुरू. आलेल्याला जेवल्याशिवाय सोडायचं नाही, आणि तो गेल्यावर त्याच्याबद्दल बोलल्याशिवाय राहायचं नाही. मयतीला कोण काय करून घेऊन आलं आणि त्यात मीठ किती होतं, याची चर्चा मेलेल्या माणसाच्या चर्चेपेक्षा लांब.

त्यांच्या देशातले उत्तरेकडचे लोक या लोकांच्या बोलीला हसतात. आणि हे लोक काय करतात, तर तीच बोली आणखी लांबवतात, आणखी हेल काढतात, आणि चेहऱ्यावरची रेषही न हलवता हसणाऱ्यांचीच फिरकी घेतात. मी पुण्याला शिकायला होते तेव्हा ‘मी जेवण करून राहिली’ म्हटलं की होस्टेलवर हशा पिकायचा. मी चिडायची, रडायची, शेवटी त्यांच्यासारखं बोलायला शिकले. त्या बसमध्ये बसून मला पहिल्यांदा कळलं की मी चूक केली होती. चिडायचं नव्हतं, आणखी मोठ्याने बोलायचं होतं. आमच्याकडच्याच माणसांवर कोणीतरी पुस्तक लिहिलंय आणि फक्त पत्ता चुकवलाय, असं मला वाटत होतं. मी बसमध्ये एकटीच खिदळायची आणि शेजारी बसलेल्या अकाउंटच्या दीदी हळूच सरकून बसायच्या.

त्या वर्षी आमच्या घरात हसणं कमी होतं. सासरे इथेच रेल्वेत होते, निवृत्त झाल्यावर हा फ्लॅट घेतला आणि चार वर्षांत गेले. त्यांना जाऊन दहा महिने झाले होते. सासूबाईंनी मंडळात जाणं सोडलं होतं. दर गुरुवारी भजनाला त्यांचा आवाज सगळ्यात वर लागायचा, त्या आता गुरुवारी चारच्या सुमाराला भाजी निवडायला बसायच्या आणि सातपर्यंत तीच भाजी निवडत राहायच्या. त्यात त्यांच्या दोन्ही डोळ्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. काळा चष्मा, दिवसातून चारदा थेंब, टीव्ही नाही, पेपर नाही. माझा नवरा रायपुरातच वाढलेला. त्याला मराठी सगळं समजतं आणि तो उत्तर हिंदीत देतो. त्याने आईला मोबाइलवर भजनं लावून दिली आणि “अब आराम करो” म्हणून तो दौऱ्यावर गेला.

मी म्हटलं, वाचून दाखवू का. त्यांनी विचारलं, “कुठलं हाय?”

“अमेरिकेतलं.”

“जाऊ दे मंग,” म्हणून त्या कूस बदलून झोपल्या.

दुसऱ्या दिवशी ऑफिसातून आले, तेच पुस्तक काढलं आणि म्हटलं, “यवतमाळच्या पुढं एक खेडं आहे.” सासूबाई उठून बसल्या.

म्हणजे पहिली लबाडी माझी. ऑफिसात परिपत्रकातला स्वल्पविरामसुद्धा इकडचा तिकडे न करणारी मी, इथे मोकाट सुटले. त्यांचं चर्च आमच्या दिवाणावर येईपर्यंत मारुतीचं देऊळ व्हायचं. मक्याच्या भाकरीची ज्वारीची भाकर झाली. एक आजी होती, ती दर वर्षी कापूस वेचून झाला की मरायला टेकायची, सगळ्या पोरांना बोलावून घ्यायची, आणि मरताना घालायचा म्हणून शिवून ठेवलेला झगा काढायची. पण जमलेल्या गोतावळ्याबरोबर जेवून जेवून तिचं अंग सुटायचं, आणि दर वर्षी तो झगा शिंप्याकडे ढिला करायला पाठवावा लागायचा. आता आमच्याकडे झगा कुठून आणू? पातळाला काय ढिलं करणार? मी त्याचं पोलकं केलं. आजीचं मरणाचं पोलकं अकरा वर्षं शिंप्याकडे ये-जा करतंय, हे ऐकून सासूबाईंनी पहिल्यांदा तोंडाला पदर लावला.

आणि खेचराचा मी बैल केला. त्या गावात दोन भाऊ होते, एकाच घरात राहणारे, एकमेकांशी बोलणं बंद. भांडण कशावरून झालं होतं ते दोघेही विसरले होते, पण आपलं बरोबर होतं हे दोघांच्याही पक्कं लक्षात होतं. काही सांगायचं असलं की बैलाला सांगायचं. मोठा बैलाच्या कानाशी जाऊन म्हणायचा, त्याले सांग, जेवण झालं. बैल कान हलवायचा. धाकटा म्हणायचा, त्याले सांग, मले भूक नाही. आणि येऊन जेवायचा.

सासूबाई इतक्या हसल्या की नुकतेच घातलेले थेंब गालावर आले. मी पुन्हा घातले. “अवं, हा धाकटा म्हंजे आमचा मामा,” त्या म्हणाल्या, “असाच होता, मेला.” कितीतरी महिन्यांनी घरात त्यांचा तो भजनातला वरचा आवाज ऐकला आणि मला फार बरं वाटलं.

डोळे बरे झाल्यावर एका गुरुवारी त्या न सांगता तयार झाल्या आणि मंडळात गेल्या. मी मनातल्या मनात पेढे वाटले. महिन्याभराने मी गोल बाजारात स्टीलचे डबे घ्यायला गेले होते. तिथे मंडळातल्या एका बाईंनी माझा हात हातात घेतला. डोळ्यांत करुणा, पण ओठ दाबलेले.

“तुमच्या आजीचं काय मग? या वर्षी पण…?”

माझी आजी पंधरा वर्षांपूर्वीच गेली, एका झटक्यात, कोणालाही न बोलावता. मी तसंच सांगणार होते, तेवढ्यात त्यांनी विचारलं, “आणि पोलकं?”

घरी येऊन मी डबे ओट्यावर आदळले.

“आई, तुम्ही मंडळात काय सांगितलं?”

“तू सांगतलं तेच.”

“मी पुस्तकातलं सांगितलं होतं!”

“मी बी आधी पुस्तकातलं म्हणूनच सांगतलं,” सासूबाई शांतपणे म्हणाल्या. “एक बाई वाती वळत बसली. दुसरी मोबाइल पाहून राहिली. मंग मी म्हटलं, आमच्या सुनेच्या माहेरी एक आजी हाय. तं साऱ्याच्या साऱ्या सरकून जवळ आल्या.”

“पण माझंच माहेर काहून?”

“मंग काय माझं सांगू?”

आपल्याकडे सुनेचं माहेर ही अशी जागा आहे की तिथे जगातला कुठलाही वेडेपणा नेऊन ठेवावा, कोणी पुरावा मागत नाही. वेंधळेपणा, कंजुषी, जाड पोळ्या, सगळं तिकडूनच आलेलं असतं. मला खरंच राग आला. दोन दिवस मी कामापुरतं बोलले. पण गुरुवारी दुपारी बघते तर त्या तीन वाजल्यापासून साडीला इस्त्री करत होत्या, आणि इस्त्री करता करता आजीचं बोलणं आजीच्या आवाजात घोळवून बघत होत्या. भजन झाल्यावरची दहा मिनिटं आता त्यांची असायची. प्रसाद वाटणं त्यासाठी थांबायचं. मी राग सोडून दिला. इतकंच नाही, पोलकं शिवणाऱ्या शिंप्याला मी एक घारा डोळा माझ्या पदरचा दिला, कारण गोष्ट जरा पडत होती.

एक अट मात्र त्यांची होती. शेवटचं प्रकरण वाचायचं नाही, बसमध्ये मी एकटीनेही नाही. “संपलं तं गुरुवारी काय करू?” त्या म्हणायच्या.

आता धाकटीचं सांगते. माझी धाकटी बहीण एकतीस वर्षांची, वर्ध्याला कॉलेजात शिकवते. तिने सात वर्षांत इतकी स्थळं पाहिली होती की कांदेपोहे म्हटलं की तिचं डोकं दुखायचं. आमच्या ऑफिसच्या शेजारच्या इमारतीत काम करणारा एक मुलगा मला बसमध्ये भेटायचा. मराठी, सरळ, थोडा अबोल. मी दोघांची गाठ घालून दिली. चौथ्या भेटीनंतर धाकटीचा फोन आला आणि तिने मुलाबद्दल चकार शब्द न काढता दहा मिनिटं त्याच्या जेवणाच्या डब्याबद्दल सांगितलं, त्यात रोज काय असतं, तो स्वतः करतो, कारल्याची भाजी कशी चांगली करतो. तेव्हाच मी समजले. तिला तो हवा होता. तिला कधी काही इतकं हवं असलेलं मी पाहिलं नव्हतं.

मुलाची आई तो लहान असतानाच गेली. जुन्या पाऱ्यात, म्हणजे जुन्या वस्तीत, त्यांचं दोन मजली घर, खाली तो आणि वडील, वर त्याचे बिनलग्नाचे काका. त्याला वाढवलं आत्याने, ती दोन गल्ल्या सोडून राहते. म्हणजे होकार द्यायचा तर तो आत्याने. आत्याला धाकटी आवडली होती. साखरपुड्याची तारीख काढायचं बोलणं चाललं होतं, आणि मी गोल बाजारातून साडी घेऊनही ठेवली होती.

तेवढ्यात आत्याचा फोन आला. “थोडं थांबू या,” त्या म्हणाल्या आणि फोन ठेवला. लग्नाच्या बोलण्यात याचा अर्थ कोणाला समजावून सांगावा लागत नाही.

पाठोपाठ धाकटीचा. “ताई, तो म्हणते घरी काहीतरी झालं, विचारू नको. तू कोणाले काही बोलली का?” तिचा आवाज भरून आला होता. मी म्हटलं, “नाही गं.” म्हटलं तर खरंच होतं.

सासूबाई माझ्याकडे न बघता म्हणाल्या, “ती आत्या आपल्या मंडळातलीच हाय. मागच्या गुरुवारी आली होती. बैलाची गोष्ट चालू असताना उठली, प्रसाद न घेता गेली.”

मला सगळा उलगडा झाला, असं मला वाटलं. कोणतं शहाणं घर अशा घरातली मुलगी करेल, जिथे काका बैलाशी बोलतात? मी कपाळावर हात मारला. “आई, तुम्हाला मंडळात सांगावं लागेल की हे सगळं पुस्तकातलं होतं.”

“सांगते,” त्या म्हणाल्या. “गुरुवारी उभी राहते आणि सांगते, बायांनो, मी खोटारडी हाय.” मग त्यांनी समोरची भाजीची परडी ओढली आणि तीच मेथी पुन्हा निवडायला लागल्या. मला ते बघवेना. मी म्हटलं, थांबा, आधी मी बोलते त्यांच्याशी. आणि आत्याला फोन करून रविवारी घरी बोलावलं.

रविवारी सकाळी अकराला आत्या आणि मुलाचे वडील आले. मुलाचे वडील उंच, वाळके, सोफ्याच्या कडेला बसले आणि पंख्याकडे बघत राहिले. मी पाणी आणलं. “आम्ही पाणी प्यायले नाही आलो,” आत्या म्हणाल्या. टेबलावर इकडचे तांदळाच्या पिठाचे उकडलेले फरे वाफाळत होते, त्यांच्याकडे त्यांनी पाठ फिरवली.

मी रात्रभर तयारी केली होती. “आत्या, आमच्या घरात कोणीही वेडं नाही,” मी सुरू केलं. “माझे एक काका बँकेत होते, दुसरे शाळेत. दोघं रोज फोनवर बोलतात. आजी वारली तेव्हा अगदी व्यवस्थित वारली…”

“वेडं?” आत्या म्हणाल्या. “वेडं कोण म्हणून राहिलं तुम्हाले? आमच्या घरची गोष्ट तुम्ही भर मंडळात सांगता, आणि वरून आमच्या आईले बैल करता?”

मला काही कळेना. मी सासूबाईंकडे पाहिलं. त्यांनाही कळत नव्हतं.

“आता नाटक नको,” आत्यांचा आवाज चढला. “आमचे दोघं भाऊ चौदा वर्षं बोलत नाही. जिन्यात आमच्या आईचा फोटो हाय. जे सांगायचं ते फोटोले सांगतात. ‘आई, त्याले सांग, मोटर बंद कर.’ हे घराबाहेर कोणाले ठाऊक नाही. आमच्या पोट्ट्यानं तुमच्या बहिणीले सांगतलं, बहिणीनं तुम्हाले, तुम्ही सासूले. आणि सासूबाईंनी ओळखू येऊ नये म्हणून फोटोच्या जागी बैल लावला. माझ्या मायले बैल! मी तिथं बसली होती हो, आणि बाया हसून राहिल्या होत्या.”

त्यांच्या डोळ्यांत पाणी आलं. मला हसू येत होतं आणि त्या पाण्याची लाजही वाटत होती, दोन्ही एकदम. मी उठले, आतून पुस्तक आणलं आणि मुलाच्या वडिलांच्या हातात दिलं. त्यांनी मुखपृष्ठावरचं ते खेचर बराच वेळ पाहिलं. खेचरानेही त्यांना पाहिलं.

“वाचा,” ते म्हणाले. आल्यापासूनचा पहिला शब्द.

मी वाचलं. या वेळी पत्ता बदलला नाही. अमेरिका, कापूस, खेचर, सगळं जसंच्या तसं मराठीत सांगत गेले. आत्यांनी आधी पदर डोळ्यांना लावला होता, तो हळूहळू तोंडावर आला. मुलाच्या वडिलांचा चेहरा हलला नाही. धाकटा भाऊ भूक नाही म्हणून जेवायला येतो, तिथे मात्र त्यांनी हात वर करून मला थांबवलं.

“आमचाही येते,” ते म्हणाले. मग पुस्तकाकडे बोट करून, “शेवटी बोलले का ते दोघं?”

शेवट मला माहीत नव्हता. तसं सांगितलं. “मंग वाचा ना,” ते म्हणाले. सासूबाईंनी माझ्याकडे पाहिलं आणि मान हलवली. मी शेवटचं प्रकरण उघडलं.

डोळे दोन ओळी पुढे आणि तोंड मागे, ही आमच्या भाषांतराच्या धंद्यातली सवय. खेचर म्हातारं होऊन मरतं. दोघे भाऊ परसात त्याच्यासाठी खड्डा खणायला घेतात, एक या टोकाने, एक त्या टोकाने. दिवसभर खणतात. निरोप सांगायला आता कोणीच नाही, त्यामुळे पुरे झालं हे कोण म्हणणार? खड्डा खोल खोल होत जातो. मुलाचे वडील गुडघ्यांवर कोपरं टेकून पुढे वाकले होते.

आणि माझे डोळे शेवटच्या परिच्छेदावर पोहोचले. तिथे लिहिलं होतं की पुढच्या शनिवारी दोघे भाऊ बाजाराला गेले, एक पुढे, दुसरा दहा पावलं मागे, आणि त्यांनी दुसरं खेचर आणलं.

माझ्याकडे अर्ध्या ओळीचा वेळ होता. कारल्याची भाजी आठवली, धाकटीचा फोनवरचा आवाज आठवला. आणि मी, बारा वर्षं सरकारी कागदाशी इमान राखलेली बाई, एक सुस्कारा सोडून म्हणाले: “धाकट्याने फावडं खाली ठेवलं. म्हणाला, ‘दादा, पुरे झालं.’ मोठा म्हणाला, ‘हो.’ संपलं.” आणि कोणी डोकावायच्या आत पुस्तक मिटलं.

मुलाच्या वडिलांनी समोरचा पाण्याचा पेला उचलला आणि एका दमात रिकामा केला. आत्यांनी फऱ्याची बशी ओढली. दोन खाल्ल्यावर त्या सासूबाईंना म्हणाल्या, “हे पुस्तकातलं हाय म्हणून मंडळात सांगू नका बरं. मंग मले विचारतील, तुम्ही काहून रागावून गेल्या होत्या. सुनेच्या माहेरचंच राहू द्या.”

अशा रीतीने माझ्या माहेरचा बैल दोन घरांच्या संमतीने कायम झाला.

ते गेल्यावर सासूबाई म्हणाल्या, “खरं काय होतं?”

“म्हणजे?”

“तू खोटं सांगताना आवाज गोड करते. मले ठाऊक नाही का? सहा हप्ते डोळे मिटून ऐकलं तुले.”

“दुसरं खेचर आणलं त्यांनी.”

सासूबाई आधी हसल्या, मग थांबल्या. “हव,” त्या म्हणाल्या. “असंच होते.”

साखरपुड्याला दोघे भाऊ एकाच गाडीतून आले. मधे शालीत गुंडाळलेला आईचा फोटो. मी दोन तास त्यांच्या ओठांवर नजर ठेवून होते. एकदाच मोठे वळले आणि शालीकडे बघून म्हणाले, “आई, त्याले सांग, पेढा घे.” धाकट्यांनी पेढा घेतला. माझ्या गोड शेवटाने कोणाचं काही सुधारलं नव्हतं, पण लग्न झालं, आणि धाकटी त्या घरात गेली. ती खूश होती. मी समाधानी होते.

दोन महिन्यांनी मी संध्याकाळच्या बसमध्ये असताना तिचा फोन आला.

“ताई, जिन्यातला फोटो उतरवला बाबांनी. आता देवघरात ठेवला.”

“म्हणजे बोलायला लागले?” मी जवळजवळ ओरडलेच. अकाउंटच्या दीदी सरकल्या.

“नाही ना. आता माझ्यामार्फत बोलतात. सूनबाई, त्याले सांग. सूनबाई, त्याले सांग. दिवसातून वीस वेळा जिना चढून राहिली मी. बाबा म्हणतात तुझ्या त्या पुस्तकात शेवटी भाऊ बोलले. खरंच बोलले का गं?”

जिला तिचा संसार मिळावा म्हणून मी शेवट फिरवला, तिलाच नेऊन त्या खऱ्या शेवटात बांधलं होतं. मी तिला खरं काय ते सांगितलं. शनिवारचा बाजार, पुढे एक, मागे एक, आणि दुसरं खेचर. मी म्हटलं, “माफ कर मले. रागावली का?”

“थांब जरा,” ती म्हणाली, आणि मग तिचा आवाज खाली आला, आम्ही लहानपणी शेजारच्यांचं मांजर लपवून ठेवायचो तेव्हा यायचा तसा. “त्यांचं खेचर बोलत नव्हतं ना? मी बोलते. आज दुपारी बाबा म्हणाले, त्याले सांग, जिन्यात चपला ठेवल्या तं फेकून देईन. मी वर गेली आणि म्हटलं, काका, बाबा विचारून राहिले, गुडघा कसा आहे. काका म्हणाले, त्याले सांग, त्याच्या बापाचं काय जाते. मी खाली आली आणि म्हटलं, काका म्हणतात, दुखून राहिला, तुमच्याजवळचं ते मलम असलं तं द्या.”

“मग?”

“मग काय. बाबा मलम घेऊन वर गेले. अर्धा तास झाला, खाली आले नाहीत. भांडणाचा आवाज पण नाही.” ती थोडा वेळ कान देऊन असावी. “ताई, दोघांचा चहा वरच नेऊ का?”

“ने,” मी म्हटलं.